डबीवरचे ‘ॲसिड’ आणि चेहऱ्यावरची आग

निकाहचे दिवस जवळ आले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. सांधेदुखी, मुलांचा अभ्यास, स्वयंपाकघरातली बचत हे विषय मागे पडतात आणि चेहऱ्याचे प्रश्न पुढे येतात. ‘लेकीचा निकाह महिन्यावर आला आहे, तिने मोबाइलवर पाहून सीरम मागवले, दोन दिवसांत गाल लाल झाले, आता काय लावू?’ असे एखादी अम्मी विचारते. ‘बाटलीवर ॲसिड लिहिले आहे, ते तोंडाला लावायचे तरी कसे?’ असा एखाद्या खालांचा घाबरा सवाल असतो. आणि कॉलेजात जाणाऱ्या मुली विचारतात, ‘आता एन्झाइमने बनवलेले सौम्य ॲसिड आले आहे, ते चालेल ना?’ या तिन्ही प्रश्नांचे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून या महिन्यात तेच उलगडू.

आधी खालांची भीती दूर करू. डबीवर ‘ॲसिड’ हा शब्द दिसला म्हणजे ते संडास धुण्याचे ॲसिड नव्हे. ॲसिड म्हणजे आम्ल. दह्यात लॅक्टिक आम्ल आहे, लिंबात सायट्रिक, चिंचेत टार्टारिक. आवळ्या-पेरूतले क जीवनसत्त्व हेसुद्धा आम्लच, त्याचे शास्त्रीय नाव ॲस्कॉर्बिक ॲसिड. क्रीम घट्ट करण्यासाठी वापरतात ते स्टिअरिक ॲसिड चरबीतले किंवा तेलातले असते. ते त्वचा सोलत नाही. हायलुरॉनिक ॲसिड तर पाणी धरून ठेवणारा पदार्थ आहे. त्यानेही त्वचा सोलत नाही. तेव्हा नावात ॲसिड आहे एवढ्यावरून घाबरायचे कारण नाही, आणि नाव ओळखीचे आहे एवढ्यावरून निर्धास्त व्हायचेही कारण नाही.

त्वचेचा वरचा मेलेला थर सैल करून काढणारी आम्ले वेगळी. त्यांत ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक आणि सॅलिसिलिक ही चार नावे सर्वांत जास्त दिसतात. यांतल्या पहिल्या तीन आम्लांच्या कुळाला अल्फा हायड्रॉक्सी आम्ले म्हणतात. १९७४ मध्ये अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ यूजीन व्हॅन स्कॉट आणि संशोधक रुई यू यांनी माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होणाऱ्या आजारावर या आम्लांचा उपयोग होतो असे दाखवले. म्हणजे सुरुवात औषध म्हणून झाली. आजाऱ्याच्या त्वचेसाठी शोधलेली वस्तू पुढे नवरीच्या टेबलावर आली.

आता आग का होते ते पाहू. याची कारणे दोन. पहिले कारण रेणूचा आकार. ग्लायकोलिक आम्लाचा रेणू या कुळात सर्वांत लहान, त्याचा भार ७६. लॅक्टिकचा ९०, मँडेलिकचा १५२. जितका लहान रेणू, तितका तो पटकन आणि खोल शिरतो. दुसरे कारण आंबटपणा, म्हणजेच सामू; डबीवर त्याला पीएच म्हणतात. आपल्या त्वचेचा सामू साधारण पाचच्या आसपास असतो. लिंबाच्या रसाचा दोनच्या आसपास. हा हिशेब साध्या वजाबाकीचा नाही. सामूचा एक आकडा खाली गेला की आम्लता दहापट वाढते. पाचावरून दोनावर येणे म्हणजे हजारपट. ‘घरचेच लिंबू आहे, त्याने काय होते’ म्हणत थेट गालावर फोड चोळणाऱ्या आमच्या भगिनींनी हा हिशेब लक्षात ठेवावा. लिंबाच्या सालीत असा एक घटकही असतो की तो त्वचेवर असताना ऊन लागले तर फोड येतात आणि काळे डाग महिनोनमहिने राहतात.

आपल्या त्वचेच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची. सावळ्या, गव्हाळ त्वचेला कशानेही जळजळ झाली, मग ती पुळीने असो, घासण्याने असो की आम्लाने, तर बरी होताना ती तिथे जास्त रंग साठवते. म्हणजे डाग घालवायला लावलेले जहाल सीरम त्याच जागी नवा, जास्त गडद डाग सोडून जाते. वांग असलेल्या कितीतरी भगिनींचे वांग याच मार्गाने वाढते. ‘आग होते म्हणजे गुण येतो आहे’ ही समजूत म्हणूनच आमच्या मते सर्वांत नुकसानकारक आहे. आग होते म्हणजे त्वचा नको म्हणते आहे.

याच अडचणीतून सौम्य आम्लांचा शोध सुरू झाला, आणि इथे एन्झाइम येते. शाळेच्या पुस्तकात याला विकर म्हणतात. शब्द परका वाटला तरी वस्तू आपल्या स्वयंपाकघरातली आहे. सीख कबाबच्या किम्याला कच्ची पपई लावून ठेवली की गोश्त मऊ होते. तिच्या चिकातले पपेन नावाचे विकर प्रथिनांचे धागे कापते. चपातीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो; लाळेतले विकर पिठातल्या स्टार्चची साखर करते. विकर म्हणजे जिवंत पेशींनी बनवलेला असा कारागीर, ज्याला एकच काम येते आणि तो ते अचूक करतो. भट्टीची उष्णता लागत नाही, तेजाब लागत नाही. कोमट पाण्यात त्याचे काम चालते.

या कारागिराचे एक सुंदर काम जपानमध्ये झाले. क जीवनसत्त्व त्वचेला चांगले, हे सगळ्यांना माहीत होते. पण ते फार नाजूक. हवा, उजेड, उष्णता लागली की पिवळे पडते, मग तपकिरी होते आणि कामातून जाते. शिवाय शुद्ध स्वरूपात ते त्वचेत शिरावे यासाठी सामू साडेतीनच्या खाली ठेवावा लागतो, आणि तिथेच चुरचुर सुरू होते. १९९० च्या सुमारास ओकायामा येथील विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्याच शहरातल्या हायाशिबारा या कंपनीने यावर तोडगा काढला. स्टार्च म्हणजे ग्लुकोज साखरेच्या मण्यांची लांब माळ. एका जिवाणूपासून मिळणारे विकर ही माळ तोडते आणि तिचे मणी क जीवनसत्त्वाच्या रेणूला जोडते, तेही नेमक्या त्या जागी जिथून ते खराब व्हायला सुरुवात होते. दुसरे विकर जास्तीचे मणी काढून फक्त एक ठेवते. तयार झालेल्या पदार्थाचे नाव ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड.

साखरेचे हे एक टोपण बसल्यामुळे क जीवनसत्त्व पाण्यात टिकते आणि त्वचेच्या जवळपासच्या सामूला वापरता येते. त्वचेवर लावल्यावर आपल्याच पेशींतले एक विकर ते साखरेचे टोपण हळूहळू काढते आणि क जीवनसत्त्व थोडे थोडे मोकळे होते. कारखान्यातल्या विकराने घातलेली गाठ अंगातले विकर सोडवते. एकदम ओतण्याऐवजी थेंब थेंब देणे, हेच त्याच्या सौम्यपणाचे रहस्य. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. थेंब थेंब मिळते म्हणून परिणामही सावकाश दिसतो, आणि शुद्ध क जीवनसत्त्वाइतका जोरदार असेलच असे नाही. पंधरा दिवसांत चेहरा बदलून देतो असे डबी म्हणत असेल तर डबी खोटे बोलते आहे.

दुसरे उदाहरण तर मधाच्या बरणीतच आहे. मधमाशी फुलांच्या रसात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर मिसळते. ते ग्लुकोजचे ग्लुकोनोलॅक्टोन करते आणि पाण्यात त्याचे ग्लुकोनिक आम्ल होते. मधातले मुख्य आम्ल तेच. हेच विकर ॲस्परजिलस नायजर या बुरशीतही असते, म्हणून कारखान्यात त्या बुरशीकडून किंवा तिच्यातल्या विकराकडून हे काम करून घेतात. ग्लुकोनोलॅक्टोनच्या रेणूचा भार १७८, म्हणजे ग्लायकोलिकच्या दुपटीहून जास्त. तो सावकाश शिरतो, शिवाय पाणी धरून ठेवतो, म्हणून कोरड्या आणि नाजूक त्वचेला जास्त मानवतो. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात मुरूम असलेल्या १५० रुग्णांवरील एका अभ्यासात १४ टक्के ग्लुकोनोलॅक्टोनची तुलना मुरमांवरच्या नेहमीच्या बेन्झॉइल पेरॉक्साइडशी केली गेली. दोन्हींनी मुरूम कमी झाले आणि ग्लुकोनोलॅक्टोनवाल्यांना त्रास कमी झाला. याच्याच जवळचे लॅक्टोबायोनिक आम्ल दुधातल्या साखरेपासून बनते. त्याचा रेणू आणखी मोठा, भार ३५८. या गटाला पॉलिहायड्रॉक्सी आम्ले म्हणतात आणि डबीवर इंग्रजीत पीएचए अशी तीन अक्षरे असतात.

आता कॉलेजातल्या मुलींच्या प्रश्नाकडे वळू, कारण खरी मेख इथे आहे. ‘एन्झाइमने बनवलेले’ या शब्दांचे दोन वेगळे अर्थ होतात आणि जाहिरातवाले ते मुद्दाम एकत्र कालवतात.

पहिला अर्थ असा की विकराने रेणूच बदलला. साखर जोडली, मोठा केला, सावकाश सुटणारा केला. वरची दोन्ही उदाहरणे या प्रकारची. इथे सौम्यपणा त्वचेपर्यंत पोचतो.

दुसरा अर्थ असा की रेणू तोच, बनवण्याची रीत तेवढी सौम्य. ग्लायकोलिक आम्लच घ्या. जुन्या एका पद्धतीत फॉर्माल्डिहाइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यावर मोठा दाब देऊन, तेजाबाच्या मदतीने ते बनवत. आता नायट्रिलेज नावाच्या विकराने ते सौम्य तापमानाला, जास्त शुद्ध बनवता येते. चांगलीच गोष्ट आहे. ऊर्जा वाचते, नको ते मिसळ पदार्थ कमी निघतात. तरी त्याचाही कच्चा माल फॉर्माल्डिहाइड आणि सायनाइडच असतो, हे जाहिरात सांगत नाही. आणि शेवटी बाटलीत येते ते ग्लायकोलिक आम्लच, भार ७६ चे. तितक्याच प्रमाणात, तितक्याच सामूला ते तितकेच झोंबणार. विहिरीचे पाणी रहाटाने काढले काय आणि पंपाने काढले काय, पाण्याची चव तीच.

रीत सुधारण्याचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. क्रीममध्ये मऊपणासाठी घालतात ती तेलकट एस्टर्स पूर्वी तापवून, जहाल रसायने घालून बनवत. अमेरिकेतल्या ईस्टमन कंपनीने ती विकराच्या मदतीने, वेगळे द्रावक न वापरता बनवण्याची पद्धत काढली आणि २००९ मध्ये त्या कंपनीला तिकडचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्ष पुरस्कार मिळाला. जमीन आणि पाणी स्वच्छ राहावे यासाठी असे काम हवेच. फक्त कारखान्याचा सौम्यपणा म्हणजे चेहऱ्याचा सौम्यपणा नव्हे, एवढा फरक खरेदी करताना डोक्यात असावा.

मग दुकानात उभे राहून ओळखायचे कसे? डबी उलटी करा आणि घटकांची यादी वाचा. जो घटक जास्त तो आधी लिहिलेला असतो. यादीत ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड, ग्लुकोनोलॅक्टोन किंवा लॅक्टोबायोनिक ॲसिड असेल तर रेणू सौम्य आहे. ग्लायकोलिक असेल तर समोर ‘एन्झाइम’ कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेले असो, ते ग्लायकोलिकच. टक्केवारी पाहा. अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीने १९९८ मध्ये घरगुती वापरासाठी ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लाची मर्यादा दहा टक्के आणि सामू साडेतीनपेक्षा कमी नको, असे ठरवले. त्याबरोबर उन्हापासून संरक्षणाची अटही घातली. ऑनलाइन मिळणारे तीस टक्क्यांचे पील हे डॉक्टरांच्या किंवा प्रशिक्षित हातांचे काम आहे, बाथरूमच्या आरशासमोर करायचे नाही.

उन्हाची अट का? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पुरस्कृत केलेल्या अभ्यासात चार आठवडे अल्फा हायड्रॉक्सी आम्ल लावल्यावर अतिनील किरणांनी त्वचा लाल होण्याचे प्रमाण १८ टक्क्यांनी वाढले आणि पेशींना होणारी इजा सरासरी दुप्पट झाली. वापर थांबवल्यावर आठवड्याभरात त्वचा पूर्ववत झाली. म्हणून आम्ल लावायचे तर रात्री, आणि दिवसा सनस्क्रीन.

आपल्या घरांच्या दिनक्रमात हे कसे बसवायचे तेही सांगतो. आम्लाचे सीरम इशाच्या नमाजनंतर, झोपण्यापूर्वी लावावे. मग फजरच्या वजूपर्यंत त्याला पुरेसा वेळ मिळतो. सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री. दिवसातून पाच वेळा तोंड धुतले जाते, तेव्हा दर वेळी फेसवॉशची गरज नाही, वजूसाठी साधे पाणी पुरे. टॉवेलने चोळू नका, टिपून घ्या आणि चेहरा कोरडा वाटला तर साधे मॉइश्चरायझर लावा. सकाळी लावलेले सनस्क्रीन जोहरच्या वजूत धुऊन जाते, हे बऱ्याच भगिनींच्या लक्षात येत नाही. दुपारी बाहेर पडायचे असेल तर वजूनंतर ते पुन्हा लावा. नकाब वापरणाऱ्यांनी कपाळ आणि डोळ्यांभोवतीचा उघडा भाग विसरू नये. मात्र डोळ्यांच्या अगदी जवळ आम्ल लावू नये.

नवे काहीही आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहा. एका वेळी एकच आम्ल. दोन-तीन सीरमची मिसळ हेच चेहरा भाजण्याचे मोठे कारण. निकाहला महिनाही उरला नसेल तर नवा प्रयोग अजिबात नको. आणि ज्या अम्मीने लेकीचे गाल लाल झाल्याचे लिहिले आहे त्यांना सांगणे असे की सगळी सीरम्स बंद करा, थंड पाण्याने धुवा, साधे मॉइश्चरायझर लावा आणि उन्हात पाठवू नका. दोन-तीन दिवसांत उतार नसेल, फोड आले असतील किंवा सूज असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलमधून विचारून आणलेली ट्यूब लावू नका. त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असते. चार दिवस चेहरा उजळ दिसतो आणि नंतर त्वचा पातळ होऊन लाल शिरा दिसू लागतात. म्हणूनच सरकारने २०१८ मध्ये अशा मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली.

आमच्या भगिनींचा आणखी एक रास्त प्रश्न असतो: हे हलाल आहे का? विकर कुठून आले हे विचारणे योग्यच आहे. ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइडचे विकर जिवाणूंचे आणि स्टार्च वनस्पतीचा. ग्लुकोज ऑक्सिडेज बुरशीचे. पण एस्टर्स बनवणारे लायपेज नावाचे विकर यीस्टपासून मिळते तसे डुकराच्या स्वादुपिंडापासूनही मिळते. स्टिअरिक ॲसिड आणि ग्लिसरीन वनस्पती तेलातून येतात, तशीच जनावरांच्या चरबीतूनही. हायलुरॉनिक ॲसिड पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, आता बहुतेक जिवाणूंकडून बनवून घेतात. घटकाच्या नुसत्या नावावरून उगम कळत नाही, म्हणून कंपनीला पत्र किंवा ईमेल करून लेखी उत्तर मागावे. इंडोनेशियाने २०१४ च्या कायद्याने सौंदर्यप्रसाधनांनाही हलाल प्रमाणपत्राच्या कक्षेत आणले, त्यामुळे बऱ्याच मोठ्या उत्पादकांकडे ही माहिती तयार असते. मसल्याचा निर्णय आपल्या भागातल्या जाणकार उलेमांकडून घ्यावा. आम्ही फक्त वस्तूचा उगम सांगू शकतो.

शेवटी सगळ्यांत गंभीर गोष्ट. ज्या डबीवर घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांकच नाही, ती घरात आणू नका, मग ती पार्लरमधल्या ओळखीच्या बाईंनी प्रेमाने दिलेली का असेना. २०२३ मध्ये अकोल्यातील एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे बिघडली. तपास मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत गेला आणि त्या वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये भरमसाट पारा सापडला. कायद्याने चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये. क्रीम लावले होते चेहऱ्याला, नुकसान झाले मूत्रपिंडांचे.

मुलींना हे समजावताना त्यांना रागावू नका. त्या जे ऐकत मोठ्या झाल्या त्यात ‘मुलगी गुणी आहे, पण रंग जरा…’ हे वाक्य किती वेळा आपणच उच्चारले, याचा विचार घरातल्या मोठ्यांनी करावा. निरोगी, स्वच्छ, डागांवाचून असलेली त्वचा हवीशी वाटणे साहजिक आहे आणि त्यासाठी आजचे शास्त्र सौम्य साधने देते. रंग बदलून देणारे साधन ते देत नाही, आणि तशी गरजही नाही. रिश्ता पाहायला आलेल्यांनी रंगाचा प्रश्न काढला तर त्याचे उत्तर अब्बा-अम्मीने द्यायचे असते. ते काम लेकीच्या गालांवर सोपवू नये.

पुढच्या अंकात मेंदीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काळ्या कोनांविषयी लिहू. तोपर्यंत घरातली प्रत्येक डबी एकदा उलटी करून वाचा, आणि न समजलेले नाव आम्हाला लिहून कळवा.